रकान्याबाहेरचे मूल : बालविकासातील अडचणी आणि पालकत्वाचा इतिहास (ईट परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

तीन वर्षांचे एखादे मूल नावाने हाक मारली तरी वळून पाहत नाही. पिठाच्या गिरणीचा आवाज कानी पडताच कान झाकून आक्रोश करते. दूध-भात वगळता कोणत्याही अन्नाला तोंड लावत नाही, डोक्यावर पाणी घेऊ देत नाही आणि सायकलचे चाक फिरवीत तासन्‌तास बसून राहते. अशा मुलाविषयी घरातील वडीलधारे म्हणतात की, याचा बापही उशिराच बोलला होता. शेजारी म्हणतात की, आईने वळण लावले नाही. आईला मात्र काहीतरी वेगळे आहे हे जाणवलेले असते. परंतु ते सांगावयाचे कोणाला आणि कोणत्या शब्दांत, हे तिला उमगत नाही.

विकास, संवेदना आणि वर्तन या तिन्ही बाबतींत अडचणी असणाऱ्या लहान मुलाचे पालकत्व हा विषय सामान्यतः वैद्यकशास्त्र, मानसशास्त्र किंवा विशेष शिक्षण यांच्या कक्षेत ठेवला जातो. तथापि, या पालकत्वाला इतिहासही आहे. समाज अशा मुलाची नोंद कशी करतो, कायदा त्याला कोणते नाव देतो आणि त्याच्या अवस्थेचा दोष कोणाच्या माथी मारतो, यावर आईबापांचे रोजचे जगणे ठरत आलेले आहे. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्याच्या भूम तालुक्यातील ईट हे बालाघाटाच्या पठारावरील गाव डोळ्यांसमोर ठेवून या इतिहासाचा मागोवा घेणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय. जनगणना, कायदा व संस्था आणि वैद्यकीय ज्ञान या तीन क्षेत्रांचा विचार करता असे दिसून येते की, तिन्ही ठिकाणी सहा वर्षांखालील मूल सर्वांत शेवटी दृष्टीस पडले. ज्या ज्या वेळी ते दृष्टीस पडले, त्या बहुतेक वेळी त्यामागे पालकांचा पुढाकार होता.

१. परंपरेतील आकलन

पारंपरिक समाजाला अशा मुलांची जाणीवच नव्हती, असे म्हणता येणार नाही. कौमारभृत्यावरील ‘काश्यपसंहिता’ या प्राचीन ग्रंथात, वर्षाचे होऊनही पायांनी न चालणाऱ्या बालकाच्या अवस्थेस ‘फक्क’ अशी संज्ञा दिलेली आहे. त्याची कारणे सांगून उपचारांमध्ये तीन चाकांच्या छोट्या रथाचा उपयोगही सुचविलेला आहे. आपल्याकडील पांगुळगाड्याशी त्याचे साधर्म्य सहज लक्षात येते. विकासातील विलंब हा सरावाने आणि साधनाच्या आधाराने काही अंशी भरून काढता येतो, हा विचार येथे स्पष्ट आहे.

लोकजीवनात मात्र सटवाईची श्रद्धा अधिक प्रभावी राहिली. जन्मानंतर पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी त्याचे प्राक्तन लिहिते, हा समज मराठी मुलखात सर्वत्र आढळतो. या श्रद्धेचे परिणाम दुहेरी होते. मुलाची अवस्था विधिलिखित मानल्याने आईवरील दोषारोप काही प्रमाणात सौम्य होत असे. परंतु त्याच कारणाने उपायांचा शोधही थांबत असे. दृष्ट काढणे, नवस बोलणे, अंगारा लावणे या वाटांनी कुटुंबाची काही मोलाची वर्षे निघून जात. ही वाट आजही पूर्णपणे बंद झालेली नाही.

२. जनगणनेचा रकाना

राज्यसंस्थेने व्यंग असलेल्या माणसांची पद्धतशीर गणना करण्याचा प्रयत्न वासाहतिक जनगणनेपासून केला. १८८१ ते १९३१ या काळातील प्रत्येक जनगणनेत वेडे, मूकबधिर, अंध आणि कुष्ठरोगी अशा चार वर्गांची नोंद घेतली गेली. धाराशिव जिल्ह्याचा प्रदेश त्या वेळी हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानातही याच काळात जनगणना होत असे. या चार रकान्यांत जन्मतः बौद्धिक विकास मंद असलेल्या बालकाला स्वतंत्र स्थान नव्हते. ते ‘वेडा’ या वर्गात तरी जाई, न बोलणारे असल्यास ‘मूकबधिर’ या वर्गात तरी, किंवा कोठेच जात नसे. पालक लहान वयाच्या मुलांचे व्यंग सांगण्यास नाखूष असतात आणि त्यामुळे कोवळ्या वयोगटातील आकडे विश्वसनीय नसतात, ही अडचण तत्कालीन जनगणना अधिकाऱ्यांनाही जाणवली होती. पुढे ते मूल सुधारेल ही आशा आणि लोक काय म्हणतील ही भीती, अशा दोन्ही गोष्टी या मौनामागे असाव्यात.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न दीर्घकाळ वगळला गेला. १९८१ मध्ये तो पुन्हा आला, तोही केवळ पूर्णतः अंध, पूर्णतः अपंग आणि पूर्णतः मुके यांच्यापुरता. १९९१ मध्ये तो पुन्हा गळाला. २००१ च्या जनगणनेत ‘मानसिक’ हा एकच वर्ग होता. मतिमंदत्व आणि मानसिक आजार यांची वेगळी नोंद होण्यास २०११ साल उजाडावे लागले. स्वमग्नतेला त्याही वेळी स्वतंत्र रकाना मिळाला नाही. म्हणजेच ईटसारख्या गावात गेल्या शतकात अशी किती मुले वाढली, याचे उत्तर सरकारी दप्तरात शोधून सापडणारे नाही. ती मुले होती. केवळ त्यांच्यासाठी रकाना नव्हता.

३. कायदा आणि संस्था

कायद्याची भाषा याहून कठोर होती. १९१२ च्या इंडियन ल्युनसी ॲक्टमध्ये ‘ल्युनॅटिक’ या शब्दाच्या व्याख्येतच जन्मजात मतिमंद व्यक्तीचा समावेश केलेला होता. आजारी माणूस आणि वेगळ्या गतीने वाढणारे मूल यांत कायद्याने भेद केला नाही. हा भेद १९८७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमाने केला. तो १९९३ मध्ये अमलात आला आणि त्याने मतिमंदत्वाला मानसिक आजाराच्या व्याख्येतून वगळले. म्हणजे या एका फरकासाठी आठ दशके लागली.

संस्थांचा आरंभ मुंबईत झाला. १९२४ च्या मुंबई बालक अधिनियमानंतर १९२७ मध्ये स्थापन झालेल्या चिल्ड्रन्स एड सोसायटीने १९४१ मध्ये मानखुर्द येथे मतिमंद मुलांसाठी निवासगृह सुरू केले. ही व्यवस्था प्रामुख्याने निवारा देणारी होती. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९४४ मध्ये, वकील दांपत्याने डाउन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीसाठी मुंबईत राहत्या घरी वर्ग सुरू केला. त्यातूनच आजची जय वकील शाळा उभी राहिली. मानखुर्दच्या संस्थेचा प्रारंभ निराधार मुलाला ठेवावयाचे कोठे या प्रश्नातून झाला होता, तर वकील दांपत्याचा प्रारंभ आपल्या मुलीला शिकवावयाचे कसे या प्रश्नातून झाला. पुण्यात १९६४ मध्ये सिंधूताई जोशी यांनी ‘कामायनी’ची स्थापना केली आणि या कार्याला मराठी शिक्षणक्षेत्रात स्थान मिळाले. १९८४ मध्ये सिकंदराबाद येथे राष्ट्रीय मानसिक विकलांग संस्था स्थापन झाली आणि विशेष शिक्षकांच्या प्रशिक्षणाला राष्ट्रीय आधार लाभला.

या सर्व संस्था महानगरांत होत्या. मराठवाड्यातील शेतकरी वा शेतमजूर कुटुंबाच्या दृष्टीने मुंबई-पुण्याची शाळा असून नसल्यासारखीच होती. १९९१ च्या ‘चौकट राजा’ या मराठी चित्रपटाने बालपणीच्या अपघातामुळे बुद्धीची वाढ खुंटलेला नंदू आणि त्याला एकटीने सांभाळणारी आई यांचे चित्र घराघरांत पोहोचविले. आपल्या पश्चात या मुलाचे कसे होणार, हा प्रश्न त्यामुळे उघडपणे बोलला जाऊ लागला. त्याला कायद्याचे पहिले उत्तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने दिले. त्यात स्वमग्नतेचा नामनिर्देश होता. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमात मात्र तो नव्हता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने मान्य केलेल्या एकवीस प्रकारांत स्वमग्नता समाविष्ट झाली.

४. आईवरील आरोप आणि आईचे निरीक्षण

वैद्यकीय ज्ञानाचा इतिहास या संदर्भात विशेष बोधप्रद आहे. १९४३ मध्ये अमेरिकेतील बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अकरा मुलांच्या निरीक्षणावर आधारित निबंध प्रसिद्ध केला. स्वमग्नतेच्या अभ्यासात तो मूलभूत मानला जातो. त्यातील पहिल्या मुलाची माहिती त्याच्या वडिलांनी पाठविलेल्या तेहतीस टंकलिखित पृष्ठांच्या पत्रातून कॅनर यांच्यापर्यंत पोहोचली होती. ज्या निबंधाने या अवस्थेला वैद्यकशास्त्रात नाव दिले, त्याच्या मुळाशी एका पालकाचे टिपण होते, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

तथापि, पुढील दोन दशकांत याच पालकांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यात आले. आईच्या भावनिक थंडपणामुळे मूल स्वतःत मिटून जाते, हा सिद्धांत प्रतिष्ठा पावला. ब्रूनो बेटलहाइम यांच्या १९६७ च्या ग्रंथाने त्याला लोकप्रियता दिली. या सिद्धांताला सबळ आव्हान दिले ते बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ मध्ये. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि स्वमग्न मुलाचे वडीलही होते. ब्रिटनमध्ये १९६२ मध्ये पालकांनीच संघटना उभारली. लॉर्ना विंग या मानसोपचारतज्ज्ञ मातेचा त्यात वाटा होता. भारतात १९९१ मध्ये दिल्लीत मेरी बरुआ या मातेने ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ची पायाभरणी केली.

संवेदनांच्या बाबतीतही हेच घडले. मोठ्या आवाजाची भीती आणि खाण्यातील अडचणी यांची नोंद कॅनर यांच्या मूळ निबंधात आहे. १९७२ मध्ये जीन आयर्स यांनी संवेदनांच्या एकात्मीकरणाचा सिद्धांत ग्रंथरूपाने मांडला. परंतु आवाज, स्पर्श, चव यांना मिळणारा अतितीव्र अथवा अतिमंद प्रतिसाद अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-निकषांत समाविष्ट होण्यास २०१३ साल उजाडले. गिरणीच्या आवाजाने मूल घाबरते, ही आईची तक्रार ‘लाडावलेपणा’ म्हणून ऐकली जात होती, त्याच गोष्टीला शास्त्राने सत्तर वर्षांनी निकषाचा दर्जा दिला. ‘वळण नाही’ या गावातील शेऱ्यात आणि बेटलहाइम यांच्या ग्रंथात भाषेचे अंतर असले, तरी दोघांचेही बोट आईकडेच होते.

५. ईट परिसराचे वास्तव

आजच्या तरतुदी कागदावर पूर्वीपेक्षा निश्चितच व्यापक आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा शुभारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी आणि विकासातील विलंब आढळल्यास जिल्हास्तरीय शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवणी, अशी त्याची रचना आहे. २०१६ च्या अधिनियमाचे कलम २५ बालकांच्या वार्षिक तपासणीची अपेक्षा करते. परंतु मोफत शिक्षणाचा हक्क देणारे कलम ३१ सहा ते अठरा वर्षे वयोगटासाठी आहे. भाषा आणि सामाजिक वर्तन घडण्याचा महत्त्वाचा काळ सहाव्या वर्षापूर्वीचा असतो आणि नेमक्या त्याच काळात मुलाचा शिक्षणावरील हक्क सर्वांत अंधूक आहे.

यात या भागाच्या अर्थव्यवस्थेची भर पडते. बालाघाटाच्या पट्ट्यातून अनेक कुटुंबे उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नवरा-बायकोचा ‘कोयता’ पहाटेच फडात जातो आणि लहान मूल कोपीत मोठ्या बहिणीच्या हवाली असते. तपासणीचे पथक गावात येते तेव्हा मूल गावात नसते. नित्यक्रमातील बदल ज्या मुलाला सहन होत नाही, त्याचे घर, पाणी, आवाज आणि माणसे वर्षातून दोनदा बदलतात. शहरी पालकांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शनपर पुस्तकांत अशा पालकत्वाचा विचार क्वचितच असतो.

६. जामखेडचा धडा

या परिस्थितीत उपयोगी पडणारा अनुभव ईटच्या शेजारच्याच मुलखात आहे. ईटपासून जवळ असलेले खर्डा १७९५ च्या मराठे-निजाम लढाईमुळे इतिहासात प्रसिद्ध आहे. त्याच खर्ड्याच्या तालुक्यात, जामखेड येथे, डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. अल्पशिक्षित आणि निरक्षर, त्यातही अनेक दलित स्त्रियांना प्रशिक्षण देऊन त्यांनी ग्राम-आरोग्य कार्यकर्त्या घडविल्या. या कार्यासाठी त्यांना १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हा प्रकल्प बालविकासातील अडचणींसाठी उभारलेला नव्हता. तथापि, बारकाईने पाहणे, लक्षात ठेवणे आणि योग्य वेळी योग्य ठिकाणी पाठविणे यांसाठी पदवीची आवश्यकता नसते, हे त्याने सिद्ध केले.

केंद्र शासनाने २८ नोव्हेंबर २०२३ रोजी दिव्यांग बालकांसाठी जाहीर केलेली अंगणवाडी कार्यपद्धती याच दिशेने जाणारी आहे. लवकर ओळख, गावातील उपक्रमांत समावेश व कुटुंबाचे सक्षमीकरण आणि आशा व आरोग्य पथकामार्फत पाठवणी, असे तिचे टप्पे आहेत. तिचे यश मात्र अंगणवाडी सेविका आईचे म्हणणे किती गांभीर्याने ऐकते, यावर अवलंबून राहील.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

एक, जनगणना, कायदा आणि वैद्यकशास्त्र या तिन्ही क्षेत्रांत लहान मुलाच्या विकासातील अडचणींना मान्यता मिळण्यास अनेक दशकांचा विलंब झाला. हा विलंब मुलाच्या मंदपणापेक्षा व्यवस्थेच्या मंदपणाचा निदर्शक आहे.

दोन, पालकांचे निरीक्षण हे ज्ञानाचे साधन आहे. त्यामुळे तपासणीच्या नोंदपत्रात पालकाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत लिहून घेणारा रकाना असणे अगत्याचे आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाबरोबर ते नोंदपत्रही गेले पाहिजे.

तीन, पालकांच्या कर्तृत्वाचा गौरव करताना शासनाची जबाबदारी आईच्या खांद्यावर टाकली जाणार नाही, याची दक्षता घ्यावी लागेल. वकील दांपत्याला घरी वर्ग भरविता आला, कारण त्यांच्याकडे घर होते आणि सवडही होती. कोपीत राहणाऱ्या आईकडून तीच अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल.

चार, ग्रामीण महाविद्यालयांतील प्राध्यापकांना येथे संशोधनाचे मोठे क्षेत्र उपलब्ध आहे. ज्या मातांनी गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत अशी मुले वाढविली, त्या आज वृद्ध झाल्या आहेत. मुलाने पहिला शब्द केव्हा उच्चारला, त्याला कशाने शांत वाटे, गावाने कोठे साथ दिली आणि कोठे दार लावून घेतले, हे त्यांच्या स्मरणात आहे. नाव गुप्त ठेवून आणि संमती घेऊन या आठवणी मौखिक इतिहासाच्या पद्धतीने नोंदविणे शक्य आहे. जे दप्तरात नाही ते मिळविण्याचा हाच मार्ग उरला आहे आणि त्यासाठी हाताशी असलेला काळ थोडा आहे.