डिस्क अमेरिकेची, पडदा साताऱ्याचा : रंग नेमका कुठे हरवत असे?

#थ्रेड #इतिहास #तंत्रज्ञानाचाइतिहास

१/ सन २००३ च्या सुमाराचा एक प्रसंग कल्पावा. न्यू जर्सीहून नातवाच्या बारशाची डीव्हीडी साताऱ्याला येते. शेजारीपाजारी जमतात. आवाज स्वच्छ ऐकू येतो, पण चित्र कृष्णधवल, आणि तेही सारखे वर सरकणारे. ‘डिस्क खराब निघाली’ यावर सर्वांचे एकमत होते. वस्तुतः डिस्क निर्दोष असते आणि टीव्हीही. या गोंधळाचे मूळ त्याच्या कितीतरी दशके आधी घेतलेल्या निर्णयांत आहे.

२/ पहिला निर्णय विजेचा. अमेरिकेत वीजपुरवठा ६० हर्ट्झवर स्थिरावला. युरोपात आणि पुढे भारतात ५० हर्ट्झवर. आरंभीच्या टीव्हीवर विजेच्या स्पंदनामुळे पट्टे उमटत. चित्राची गती विजेच्या गतीशी जुळवली की ते पट्टे जागीच थांबत आणि डोळ्यांना कमी खुपत. म्हणून चित्राची गती विजेवरून ठरली.

३/ १९४१ मध्ये अमेरिकेने ५२५ रेषा आणि सेकंदाला ६० अर्धचित्रे हे मानक स्वीकारले. विषम रेषांचे एक आणि सम रेषांचे एक अशी दोन अर्धचित्रे मिळून एक पूर्ण चित्र होते. महायुद्धानंतर युरोपातील बहुतेक देशांनी ६२५ रेषा आणि ५० अर्धचित्रे पत्करली. येथे दोन वाटा फुटल्या.

४/ दुसरा निर्णय रंगाचा. १९५० मध्ये अमेरिकेने सीबीएस कंपनीच्या रंगीत पद्धतीला मान्यता दिली. मात्र घरोघरचे कृष्णधवल संच ते प्रक्षेपण दाखवूच शकत नव्हते. जून १९५१ मध्ये सुरू झालेले हे प्रक्षेपण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बंद पडले. जुन्या संचांच्या मालकांना वगळून नवे तंत्र रुजत नाही, हा धडा मिळाला.

५/ म्हणून नॅशनल टेलिव्हिजन सिस्टिम कमिटीने, म्हणजेच ‘एनटीएससी’ने, वेगळी युक्ती योजली. उजेड-अंधाराचा मूळ संकेत तसाच ठेवायचा आणि रंगाची माहिती त्यावर एका वेगळ्या लहरीने स्वार करायची. ज्या संचाला ती लहर उलगडता येत नाही, त्याने तिच्याकडे दुर्लक्ष करून कृष्णधवल चित्र दाखवावे. १७ डिसेंबर १९५३ रोजी या पद्धतीला सरकारी मान्यता मिळाली.

६/ या पद्धतीत एक उणीव होती. संकेत प्रवासात किंचित विस्कळीत झाला तरी रंगछटा बदले. चेहरे कधी हिरवट, कधी जांभळट दिसत. अभियंते थट्टेने एनटीएससीचा विस्तार ‘नेव्हर द सेम कलर’ असा करीत. जर्मनीत टेलिफुंकन कंपनीच्या वाल्टर ब्रुख यांनी यावर तोड काढली. एका रेषेआड रंगसंकेताचा एक भाग उलटा पाठवायचा, म्हणजे लागोपाठच्या दोन रेषांतील चुका एकमेकींना छेद देतात. हीच ‘पाल’ पद्धत. जानेवारी १९६३ मध्ये हॅनोव्हर येथे युरोपीय तज्ज्ञांसमोर तिचे प्रात्यक्षिक झाले आणि १९६७ मध्ये पश्चिम जर्मनी व ब्रिटनमध्ये ती प्रत्यक्षात आली. फ्रान्स आणि सोव्हिएत संघाने ‘सेकाम’ ही तिसरी वाट धरली.

७/ भारतात १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत आणि २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत दूरदर्शन अवतरले. १९८२ मध्ये, दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षी, रंगीत प्रक्षेपण सुरू झाले ते पाल पद्धतीने. त्यामुळे अमेरिकेत स्थायिक झालेला भाऊ आणि गावी राहिलेली बहीण यांचे टीव्ही दोन वेगळ्या ‘भाषा’ बोलू लागले.

८/ डीव्हीडी १९९६ मध्ये जपानमध्ये आणि १९९७ मध्ये अमेरिकेत आली, आणि एक नवा घोटाळा झाला. चित्रपट कंपन्यांनी जगाचे विभाग पाडले : अमेरिका व कॅनडा १, युरोप व जपान २, भारत ५. हा विभागक्रमांक आणि पाल-एनटीएससी हा भेद अनेकांनी एकच मानला. मात्र जपान आणि ब्रिटन एकाच विभागात असूनही जपानच्या डिस्क एनटीएससी होत्या आणि ब्रिटनच्या पाल. विभाग जुळला नाही तर डिस्क मुळी चालतच नाही. पद्धत जुळली नाही तर ती चालते, पण चित्र बिघडते.

९/ आता साताऱ्याच्या पडद्याकडे वळू. तेथे दोन स्वतंत्र लक्षणे आहेत. चित्र सरकते, कारण संच सेकंदाला ५० अर्धचित्रांची वाट पाहतो आणि येतात जवळजवळ ६०. रंग जातो, कारण रंगाची लहर पालमध्ये सुमारे ४.४३ मेगाहर्ट्झची असते, तर एनटीएससीमध्ये ३.५८ ची. ओळखीची लहर सापडली नाही की संच रंग बंद करून टाकतो. जुन्या संचांच्या मालकांसाठी १९५३ मध्ये ठेवलेली सोय अशा रीतीने साताऱ्यात ‘बिघाड’ म्हणून प्रकटते.

१०/ उपाय लक्षणांनुसार. पहिला आणि बहुधा पुरेसा : प्लेयरच्या सेटअपमध्ये ‘टीव्ही टाइप’ पाहावा. तो ‘ऑटो’ किंवा ‘मल्टी’ असेल तर डिस्कचा संकेत जसाच्या तसा बाहेर पडतो. ‘पाल’ निवडल्यास अनेक प्लेयर रूपांतर करून देतात. टीव्हीच्या मेनूत ‘कलर सिस्टिम’ असल्यास ती ‘ऑटो’वर ठेवावी.

११/ काही प्लेयर अर्धे रूपांतर करतात : रेषा आणि गती अमेरिकी, रंग पालचा. यास ‘पाल ६०’ म्हणतात. अशा वेळी रंग परततो, पण चित्र सरकू शकते. जुन्या संचांच्या मागील बाजूस ‘व्हर्टिकल होल्ड’चे बटण असे, ते हळूहळू फिरवले की चित्र पुष्कळदा थांबे. आडव्या रेषांचा वेग दोन्हींकडे जवळपास सारखाच, सेकंदाला १५,६२५ आणि सुमारे १५,७३४. म्हणून चित्र आडवे सहसा फाटत नाही.

१२/ चित्र थांबले पण रंग नाही, तर लाल-हिरवा-निळा संकेत स्वतंत्र नेणारी स्कार्ट जोडणी युरोपात कामी येई. रंगाची लहरच वापरात नसल्यामुळे तिचा वादही उरत नसे. कंपोनंट जोडणीचा लाभ तोच. साध्या पिवळ्या पिनेने हे साधत नाही.

१३/ आणखी एक फसवे लक्षण : चित्र आळीपाळीने उजळते आणि काळवंडते. एव्ही पीन नसलेल्या टीव्हीसाठी लोक विकतच्या चित्रपटाची डीव्हीडी व्हीसीआरमधून नेत, तेव्हा नक्कल रोखणारा मॅक्रोव्हिजनचा संकेत व्हीसीआरला गोंधळवी. तेथे पाल-एनटीएससीचा संबंध नाही. व्हीसीआर वगळून आरएफ मॉड्युलेटर लावणे हा मार्ग.

१४/ आजचे टीव्ही सहसा दोन्ही पद्धती निमूटपणे स्वीकारतात, म्हणून हा भेद विस्मरणात जातो आहे. पण कपाटांत अजूनही अशा डिस्क आणि कॅसेटी आहेत : बारशाच्या, लग्नाच्या, आता हयात नसलेल्या आजीच्या आवाजाच्या. ‘खराब’ म्हणून त्या टाकून देण्यापूर्वी एकदा पद्धत तपासावी. संगणकावर उतरवताना मूळ गती कायम ठेवावी : एनटीएससीची सेकंदाला २९.९७ चित्रे, पालची २५. घाईने केलेल्या रूपांतरात हालचाल अडखळते, आणि मूळ डिस्क टाकून दिली तर ती पुन्हा दुरुस्त करता येत नाही. (समाप्त)