रस्त्यावरचे चार प्रश्न

आजच्या भाषणाचा विषय इतिहासाचा आहे. पण त्याचें निमित्त घडलें तें आमच्याच घरांत, कसबा पेठेंत, आणि तेंहि अगदीं अलीकडे. म्हणून आरंभ घरापासूनच करतों.

माझी पुतणी एकोणीस वर्षांची आहे. गेल्या वर्षापासून ती रोज पहांटे धांवावयास जाते. तांबट आळींतून निघावें, शनिवारवाड्याच्या तटाला वळसा घालावा, नव्या पुलावरून मुठा ओलांडावी आणि उजाडतां उजाडतां घरीं परतावें, असा तिचा क्रम. (हा पूल १९२३ सालचा. त्यास शिवाजी पूल असें नांव आहे. पण शंभर वर्षें उलटलीं तरी आम्हां कसबेकरांच्या तोंडीं तो अद्याप नवाच आहे.) एके दिवशीं पुलावर दोन तरुण मोटरसायकलवरून आले आणि वेग कमी करून तिच्या बरोबरीनें चालूं लागले. त्यांनीं शिवी दिली नाहीं, अंगास हात लावला नाहीं. त्यांनीं फक्त विचारलें. नांव काय, राहतेस कोठें, एकटीच कां, रोज याच वेळीं येतेस का? ती परत फिरली, तशी गाडीहि फिरली. दूध घेऊन येणारा एक गृहस्थ समोरून दिसला, तेव्हां ती निघून गेली.

घरीं आल्यावर तिनें हें सांगितलें. आजी म्हणाली, "उद्यांपासून जाऊं नकोस." तिच्या वडिलांनीं, म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंनीं, कपडे कोणते घातले होते तें विचारलें. आणि ज्यानें सारें आयुष्य इतिहासाच्या पुस्तकांत घालविलें त्या मीं विचारलें, "किती वाजतां निघाली होतीस?" मुलगी आम्हां तिघांकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "काका, तुम्हीं सगळ्यांनीं प्रश्न मलाच विचारले."

त्या वाक्यानें मी खजील झालों, आणि मग ते पुलावरचे प्रश्न मला ओळखीचे वाटूं लागले. ते मीं पूर्वीं वाचले होते.

कलकत्त्याजवळ हुगळी नदीच्या कांठीं सेरामपूर म्हणून गांव आहे. तेथील कॉलेजच्या दिवाणखान्यांत २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं एका मराठी मुलीनें इंग्रजींत भाषण केलें. तिला अठरावें वर्ष पुरें होण्यास अद्याप महिना होता. वैद्यकी शिकण्यासाठीं आपण अमेरिकेस कां जातों, आणि एकटीच कां जातों, हें तिला लोकांना सांगावयाचें होतें. ती आनंदीबाई जोशी. नवव्या वर्षीं लग्न, चौदाव्या वर्षीं बाळंतपण, दहा दिवसांत मूल गेलेलें, आणि पोस्टांत नोकरीस असलेल्या गोपाळरावांच्या बदल्यांबरोबर गांवोगांव फिरणें, एवढें सारें तिच्या मागें होतें. फिलाडेल्फिया येथें ११ मार्च १८८६ रोजीं तिला एम. डी. ही पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास क्षयानें तिचा अंत झाला, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. पण सेरामपुरच्या त्या भाषणांतील एक भाग आपण सहसा आठवीत नाहीं. तो रस्त्याविषयीं आहे.

हिंदुस्थानांत राहूनच कां शिकत नाहीस, या प्रश्नाच्या उत्तरांत तिनें मुंबईची हकीकत सांगितली. पुस्तकें हातीं घेऊन, पायांत बूट-मोजे घालून ती शाळेस निघाली कीं खिडक्यांतून डोकीं बाहेर येत. कोणी तिला पाहण्यासाठीं गाडी थांबवीत. कोणी तिच्या कानीं पडेल अशा बेतानें कलियुगाच्या नांवानें बोटें मोडीत. पुढें कांहीं काळ तिला शाळेंतच राहून जेवणापुरतें दोन वेळां एका नातलगाच्या घरीं जावें लागे. त्या तेवढ्या वाटेंत तिच्याभोंवतीं माणसें गोळा होत. ओसरीवर सभ्यपणें बसलेले गृहस्थ अभद्र बोलत आणि खडे मारीत. दुकानदार तिला पाहून थुंकत आणि सांगतां येऊं नयेत असे हातवारे करीत. ही मुंबईची गोष्ट झाली. बंगाल्यांत आल्यावर ती नदीकांठच्या स्ट्रँडवर फिरावयास जाई. तेथें बाबूलोक थट्टा करीत, आणि ती कोण, जात कोणती, आली कोठून व निघाली कोठें, हे चार प्रश्न तिला विचारीत. परक्यांनीं हे प्रश्न विचारणें गैर आहे, असें तिनें त्या सभेंत स्वच्छ सांगितलें.

नव्या पुलावरचे चार प्रश्न आणि स्ट्रँडवरचे चार प्रश्न यांत जातीचा तेवढा फरक पडला. पण त्यांतील खोंच तीच आहे. एकट्या स्त्रीला रस्त्यावर थांबवून पत्ता विचारणारास पत्ता नको असतो. रस्त्यावर येण्यास तूं मला जबाब देणें लागतेस, एवढेंच त्याला तिच्या गळीं उतरवावयाचें असतें.

इंग्रज व गोरे शिपाई आपल्यास त्रास देत नाहींत, असेंहि आनंदीबाई त्या भाषणांत म्हणाल्या होत्या. तेवढ्यावरून कोणी म्हणेल, कीं मिशनऱ्यांच्या कॉलेजांत बोलतांना यजमानांस खूष करण्यासाठीं त्या असें बोलल्या. मला तसें वाटत नाहीं. त्याच भाषणांत त्यांनीं सेरामपुरच्या शिकलेल्या देशी ख्रिस्ती लोकांसहि, आपल्या चारित्र्याविषयीं संशय घेतल्याबद्दल, तोंडावर बोल लावला आहे. खुशामत करणारी मुलगी असें करीत नाहीं. तिनें जें पाहिलें तें सांगितलें, आणि त्यांत आपण ऐकण्यासारखें हें आहे, कीं तिला छळणारांत दारुडे नव्हते, दरोडेखोर नव्हते. ते ओसरीवर बसणारे होते; बाबू होते; म्हणजे आपल्याच घरांतले होते.

आतां त्याआधींच्या पुण्याकडे वळतों. १८४८ सालीं बुधवार पेठेंतील भिड्यांच्या वाड्यांत जोतीराव फुल्यांनीं मुलींची शाळा काढली. तो वाडा आमच्या कसब्यापासून हाकेच्या अंतरावर होता. सावित्रीबाई तेथें शिकवावयास जात, तेव्हां त्यांच्या अंगावर चिखल, शेण आणि दगड येत. त्यांनीं दोन लुगडीं बाळगावीं, एक वाटेवर मळावयाचें आणि दुसरें शाळेंत नेसावयाचें, ही हकीकत पुण्यांत लहान मुलांसहि माहीत आहे. आपण ती त्यागाची कथा म्हणून सांगतों. मला मात्र तींत एका व्यवहारी स्त्रीची तयारी अधिक दिसते. उद्यां शेण पडणार हें गृहीत धरून तिनें दुसरें लुगडें बरोबर घेतलें. रस्ता सोडला नाहीं. मळलेलें लुगडें रोज घरीं धुवावें लागत असेल, त्याचे श्रम कोणीं मोजले आहेत?

सावित्रीबाई कामासाठीं जात होत्या. आनंदीबाई शाळेस जात, तेंहि एक कामच. परंतु स्ट्रँडवर आनंदीबाई कोणत्याहि कामास जात नव्हत्या, त्या फिरावयास जात होत्या, आणि माझ्या मतें प्रश्नाची खरी गांठ येथें आहे.

स्त्रियांच्या व्यायामास आपल्या समाजाचा विरोध होता, असें म्हणणें खरें नव्हे. मंगळागौरीच्या रात्रीं फुगड्या, झिम्मा, पिंगा यांनीं बायका पहांटेपर्यंत घाम गाळीत आणि घरांतल्या वृद्ध स्त्रिया कौतुकानें पाहत. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, तेव्हां मुलींना व स्त्रियांना वगळलें नाहीं. उलट त्यांना आग्रहानें सांगितलें. स्त्रियांनीं रस्त्यावर येण्यासहि विरोध नव्हता. डोक्यावर पाटी घेऊन भाजी विकणारी, घागरी वाहणारी, मोळी आणणारी स्त्री कसब्याच्या बोळांतून रोज जात होती आणि तिला कोणी कोठें चाललीस म्हणून विचारलें नाहीं. तिच्या डोक्यावरचें ओझें हेंच तिचें उत्तर होतें. (तिलाहि त्रास होत असे, पण तो कोणीं लिहून ठेवला नाहीं.) चौकांत फुगडी चालते आणि रस्त्यावर पाटी चालते, चालत नाहीं ती रिकाम्या हातांनीं, स्वतःच्या अंगाच्या सुखासाठीं, मोकळ्या हवेंत निघालेली बाई. त्या काळीं तर पायांत जोडा आणि डोक्यावर छत्री हीं पुरुषांचीं मानचिन्हें समजलीं जात. तीं स्त्रीनें घेतलीं तर ओट्यावरच्या लोकांस आपलाच अपमान झाल्यासारखें वाटे.

पुरुषांची गोष्ट वेगळी होती. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरीं बाळंभट देवधर मल्लखांब शिकवीत, तेव्हांपासून पुण्यांत पेठोपेठीं तालमी झाल्या. तांबडी माती अंगास लावून, लंगोट कसून, दोन दोन तास जोर काढणाऱ्या मुलास कोणींहि वेळ विचारली नाहीं. मीहि लहानपणीं काळोखांत तालमीस जात असें. माझ्या आईला काळजी असे ती मी घरीं येऊन पुरेसें दूध पितों कीं नाहीं, याची.

मुंबईच्या शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तीन अभ्यासक स्त्रियांनीं २०११ सालीं एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केलें. स्त्रियांनीं शहरांत विनाकारण भटकावें, असें त्यांचें सांगणें. वाचतांना मला तें प्रथम आगाऊपणाचें वाटलें होतें. पुतणीच्या प्रसंगानंतर तें पुस्तक पुन्हा काढलें. रस्त्यावर येण्यास स्त्रीला कारण लागतें तोंवर ती कारणापुरतीच सुरक्षित, हा त्यांचा मुद्दा आतां मला पटतो.

हें सगळें आपल्याकडेच घडतें, असेंहि नाहीं. १९६७ सालीं अमेरिकेंतील बोस्टनच्या मॅरेथॉन शर्यतींत कॅथरिन स्विट्झर ही तरुणी २६१ हा क्रमांक लावून धांवत होती. शर्यतीच्या एका अधिकाऱ्यानें मध्येंच धांवत येऊन तो क्रमांक तिच्या अंगावरून ओढून काढण्याचा प्रयत्न केला. तिच्या सोबत्यानें त्याला बाजूस ढकललें आणि तिनें शर्यत पुरी केली. स्त्रियांना त्या शर्यतींत रीतसर प्रवेश मिळण्यास १९७२ साल उजाडावें लागलें.

कायद्याविषयीं दोन शब्द. घरोघर असा समज आहे कीं अंगास हात लावला तरच गुन्हा होतो. हा समज चुकीचा आहे, आणि तो आज चुकीचा ठरला असेंहि नाहीं. भारतीय दंडसंहिता १८६० सालीं झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. तिच्या ५०९ व्या कलमांत, स्त्रीच्या विनयाचा अपमान करण्याच्या हेतूनें उच्चारलेला शब्द, काढलेला आवाज किंवा केलेला हावभाव हा गुन्हाच होता. म्हणजे मुंबईच्या दुकानदारांनीं आनंदीबाईंकडे पाहून हातवारे केले, त्याच्या कितीतरी वर्षें आधीं कायदा तयार होता! ओसरीवरच्या एकाहि गृहस्थास त्याची आठवण झाली नाहीं. २०१३ सालीं या कलमाची शिक्षा एक वर्षावरून तीन वर्षांपर्यंत वाढविण्यांत आली, आणि स्त्रीचा पाठलाग करणें हा ३५४-ड या कलमानें स्वतंत्र गुन्हा ठरला. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली. तींत हीं कलमें अनुक्रमें ७९ आणि ७८ आहेत. पाठलागाच्या कलमांत एक बारकावा आहे. स्त्रीनें आपली नापसंती स्पष्ट दाखविल्यावरहि जो पुन्हा पुन्हा मागें लागतो, त्याला तें कलम पकडतें. म्हणून "मला तुमच्याशीं बोलावयाचें नाहीं" हें वाक्य मोठ्यानें, आसपासच्यांस ऐकूं जाईल असें म्हणणें उपयोगाचें. खालीं मान घालून पुढें जावें, ही आपण मुलींना पिढ्यान्‌पिढ्या दिलेली शिकवण येथें तिच्याच विरुद्ध जाण्याचा संभव असतो.

ही माहिती मीं घरांत सांगितली, तेव्हां आजी बराच वेळ गप्प होती. मग तिनें एक गोष्ट सांगितली. ती आम्हीं कोणींच पूर्वीं ऐकली नव्हती. लग्न होऊन कसब्यांत आल्यावर तिला पर्वतीस चालत जाण्याची आवड होती. एकदां वाटेंत कोणी मागें लागला. तिनें घरीं कोणालाहि सांगितलें नाहीं, कारण सांगितलें असतें तर जाणें बंद झालें असतें. पुढें एक दिवस ती आपणच जावयाची थांबली. "मीं तुला जाऊं नकोस म्हटलें," ती नातीला म्हणाली, "तें मला तेव्हां कोणीं म्हणावयास नको होतें, तेंच होतें."

दुसऱ्या दिवशीं माझे बंधु मुलीला घेऊन पोलीस चौकींत गेले. गाडीचा अर्धा क्रमांक तिच्या लक्षांत होता, तो लिहून घेण्यांत आला. प्रसंग पडल्यास ११२ हा आंकडा फिरवावा, असें तेथें सांगण्यांत आलें. ते तरुण सांपडले नाहींत. आठ दिवस ती गेली नाहीं. मग जाऊं लागली. वेळ तीच, वाट तीच. पहिल्या दोन दिवशीं तिचे वडील सायकलवरून मागें गेले, तेव्हां तिनेंच त्यांना परत पाठविलें, कारण त्यांना धांप लागत होती. आतां आमच्या आळींतील एक तांबटीण पुलापर्यंत तिच्या बरोबर चालते. नऊवारी लुगडें आणि कापडी बूट असा तिचा वेष असतो. पुलाशीं पोंचल्यावर ती कठड्याला टेकून उभी राहते आणि मुलगी पलीकडे जाऊन परत येईपर्यंत नदीकडे पाहत असते.