आज्ञा आठवायची की चित्र ओळखायचे?

'रिकाम्या जागा भरा' आणि 'योग्य पर्याय निवडा' यांपैकी पहिला प्रश्न मुलांना अवघड वाटतो. त्यात उत्तर आठवावे लागते, दुसऱ्यात नुसते ओळखावे लागते. संगणकाकडून काम करून घेण्याच्या दोन पद्धतींतही हाच फरक आहे.

१९८४-८५ मध्ये 'क्लास' प्रकल्पातून भारतातील निवडक शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले. पडद्यावर एक खूण आणि लुकलुकणारी रेघ, एवढेच दिसे. पुढे 'लोड', 'रन' अशा इंग्रजी आज्ञा आठवून टंकाव्या लागत. स्पेलिंग चुकले, की 'मिस्टेक' असे उत्तर येई.

मग चित्रे का नव्हती? माउस तर डग्लस एंगलबार्ट यांनी १९६८ मध्येच जाहीरपणे दाखवला होता. अडचण मेमरीची होती. बीबीसी मायक्रोच्या बी मॉडेलमध्ये ती होती ३२ किलोबाइट. ४० × २५ अक्षरांच्या पडद्याला साधारण १ किलोबाइट पुरे. पण ६४० × २५६ ठिपक्यांचा पडदा घ्या. दर ठिपक्याला एक बिट, आठ बिटांचा एक बाइट. गुणाकार करून आठाने भागा: २०,४८० बाइट, म्हणजे २० किलोबाइट! कामाला उरले जेमतेम १२. १९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये १२८ किलोबाइट मेमरी होती, म्हणून त्याला चित्रे आणि खिडक्या परवडल्या.

आपल्याकडे आणखी एक अडचण होती, लिपीची. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले 'जिस्ट' तंत्र पुण्याच्या सी-डॅकने (स्थापना १९८८) पुढे नेले. जिस्टचे कार्ड संगणकात बसवले की डॉसवरही देवनागरी मजकूर दिसे. डॉसच्या आज्ञा मात्र इंग्रजीच राहिल्या. मराठी शाळेतल्या मुलाला आज्ञाही पाठ करायची आणि तिचे स्पेलिंगही. १९९० मध्ये विंडोज ३.० आले आणि चित्रांमुळे हे ओझे बरेच हलके झाले.

मग आज्ञा निकामी झाल्या का? समजा, नागपूरच्या मे महिन्यातील तापमानाच्या नोंदी ३१ फाइलींत आहेत आणि प्रत्येक नावाचा शेवटचा भाग बदलायचा आहे. एकेका चित्रावर जाऊन हे ३१ वेळा करावे लागेल. आज्ञेत 'सर्व' या अर्थाची तारका वापरली, की एका ओळीत काम होते. तीच ओळ लिहून ठेवली तर जूनमध्येही उपयोगी पडते.

चित्रांमुळे नवख्याची भीती जाते, हे खरेच. पण चित्रांत तेवढेच पर्याय असतात, जेवढे दुसऱ्या कुणी मांडून ठेवले. म्हणून वर्गात दोन्ही पद्धती करून पाहू द्या. कोणते काम कशाने सोपे होते, ते मुलांनाच ठरवू द्या.