दिनविशेष : ७ मे – दोन संस्कृतींचे व्याख्यान

केंब्रिज विद्यापीठाच्या सिनेट हाउसमध्ये १९५९ साली आजच्या दिवशी सी. पी. स्नो यांचे 'रीड व्याख्यान' झाले. सर रॉबर्ट रीड या सोळाव्या शतकातल्या न्यायाधीशांच्या नावाची ही जुनी व्याख्यानपरंपरा. स्नो यांनी केंब्रिजमध्येच भौतिकशास्त्रात संशोधन केलेले, नाव मात्र कमावले कादंबरीकार म्हणून. त्यामुळे दोन्ही गोटांत ऊठबस. साहित्यिक आणि शास्त्रज्ञ एकमेकांशी बोलेनासे झालेत, ही त्यांची तक्रार. उष्मागतिकीचा दुसरा नियम सांगता येईल का, असे विचारले की भलेभले विद्वान साहित्यिक गप्प होत. स्नोंच्या मते हा प्रश्न 'शेक्सपिअर वाचलाय का?' याच तोडीचा! तुलना जरा ताणलेलीच, पण झोंबणारी. व्याख्यान त्याच वर्षी पुस्तकरूपाने आले आणि 'टू कल्चर्स' हा शब्दप्रयोग रूढ झाला.

उत्तर मिळाले फेब्रुवारी १९६२ मध्ये, तेही केंब्रिजातच. डाउनिंग कॉलेजातील व्याख्यानात समीक्षक एफ. आर. लीव्हिस यांनी स्नोंना कादंबरीकार म्हणूनही पार मोडीत काढले. 'स्पेक्टेटर' साप्ताहिकाने ते छापण्याआधी मजकूर स्नोंना दाखवला, अब्रुनुकसानीच्या दाव्याची धास्ती होती. स्नोंनी हरकत घेतली नाही.