कहाणी

संस्कृतातली 'कथानिका' प्राकृतात आली, 'थ'चा 'ह' होऊन 'कहाणिआ' झाली. शेवट झिजला, उरली आपली कहाणी. श्रावणात ती हातात अक्षता धरून ऐकायची, निदान आमच्या घरी तरी. सोमवारची घ्या. राजाच्या हुकुमाने गावातलं सगळं दूध महादेवाच्या गाभाऱ्यात ओतलं, तरी तो भरेना. एका म्हातारीने आधी घरच्या मुलाबाळांना, वासरांना पोटभर पाजलं, मग उरलेलं खुलभर वाहिलं आणि गाभारा काठोकाठ! लेकरांच्या तोंडचं दूध देवाला पोचत नाही, हे राजाला सुनवायची सोय एरवी कुठे होती? 'मिथक' हा शब्द आजीला ठाऊक नव्हता. कहाणी संपेपर्यंत मात्र ती कुणाला पानावर बसू देत नसे.