नियंत्रक घटकांची गतिमान निर्मिती

संगणकाच्या पडद्यावरील बटण, मजकूर भरण्याची चौकट, निवडीची यादी, सरकपट्टी इ. ज्या साधनांद्वारे वापरणारा कार्यक्रमाला सूचना देतो, त्यांना नियंत्रक घटक किंवा ‘कंट्रोल’ म्हणतात. हे घटक आधीच कायमचे न ठरवता, कार्यक्रम चालू असताना उपलब्ध माहितीनुसार निर्माण करणे, त्यांचे रूप, जागा वा वर्तन बदलणे आणि गरज संपताच ते काढून टाकणे, यास गतिमान निर्मिती असे म्हणतात. छापील अर्जात कुटुंबीयांसाठी पाच ओळी असल्यास सहाव्या व्यक्तीचे नाव समासात लिहावे लागते. संगणकाच्या अर्जात समासही नसतो. तेथे ज्याला चौकट नाही त्याची नोंदच होत नाही. म्हणून पडद्याचा आराखडा केव्हा व कोणी ठरवावा, हा प्रश्न केवळ तांत्रिक सोयीचा राहत नाही. या तंत्राचा इतिहास म्हणजे त्या प्रश्नाला वेळोवेळी मिळालेल्या उत्तरांचा इतिहास होय.

या कल्पनेचे बीज आयव्हन सदरलंड यांच्या ‘स्केचपॅड’ या कार्यक्रमात आढळते. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील १९६३ च्या त्यांच्या प्रबंधाचा तो विषय होता. टीएक्स–२ या संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणीने मूळ आकृती काढून तिच्या हव्या तितक्या प्रतिकृती तेथल्या तेथे निर्माण करता येत. मूळ आकृतीत बदल केल्यास सर्व प्रतिकृती बदलत. पुढे कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात १९७३ मध्ये ‘आल्टो’ हा संगणक तयार झाला. त्यावर ॲलन के, डॅन इंगॉल्स, ॲडेल गोल्डबर्ग इत्यादींनी विकसित केलेल्या ‘स्मॉलटॉक’ भाषेत पडद्यावरील प्रत्येक गोष्ट ही संदेश स्वीकारणारी एक ‘वस्तू’ होती आणि वस्तू कार्यक्रम चालू असतानाच निर्माण होत. तेथेच नॉर्वेचे संगणकतज्ञ ट्रिग्वे रेन्सकाउग यांनी १९७९ मध्ये मूळ माहिती, तिचे दृश्य रूप आणि वापरणाऱ्याच्या कृती हाताळणारा भाग यांची फारकत करण्याची पद्धत मांडली. माहिती बदलली की दृश्य बदलावे, हे नंतरच्या बहुतेक पद्धतींचे सूत्र तिच्यात आहे.

घरोघरी पोहोचलेल्या संगणकांत मात्र स्मृतीची टंचाई होती. १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉश संगणकात ती अवघी १२८ किलोबाइट होती. त्यात संवादचौकटींचे आराखडे मुख्य कार्यक्रमापासून वेगळे, ‘रिसोर्स’ या स्वरूपात साठवीत; त्यामुळे कार्यक्रमाला हात न लावता पडद्यावरील शब्दांचे भाषांतर करता येई. याखेरीज एखादा घटक आयत्या वेळी निर्माण करण्याची आज्ञाही उपलब्ध होती. १९८५ मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या विंडोज प्रणालीतही असेच दोन मार्ग होते. तेथे प्रत्येक नियंत्रक घटक ही स्वतंत्र, पण दुसऱ्या खिडकीच्या पोटात राहणारी लहान खिडकीच मानली जाई. प्रकार, आकार, जागा व जनक खिडकी यांचा निर्देश करून आज्ञा दिली की घटक तयार होई, त्याला एक ओळखक्रमांक मिळे आणि पुढचा सर्व व्यवहार संदेशांच्या द्वारे चाले. जनक खिडकी नष्ट झाली की तिची अपत्येही नष्ट होत. सोळा बिटी विंडोजमध्ये या खिडक्यांची नोंद ६४ किलोबाइटांच्या मर्यादित विभागात ठेवली जात असल्याने घटकांची खिरापत वाटणे परवडत नसे.

पडद्याची मांडणी माउसच्या साहाय्याने करण्याची सोय झाल्यावर हे काम सामान्य कार्यक्रमकाराच्या आवाक्यात आले. फ्रान्सचे झां-मारी उलो यांचा ‘इंटरफेस बिल्डर’ नेक्स्ट संगणकावर १९८८ पासून प्रसिद्धीस आला. ॲलन कूपर यांनी १९८८ मध्ये दाखविलेल्या एका नमुन्यापासून मायक्रोसॉफ्टचे ‘व्हिज्युअल बेसिक’ १९९१ मध्ये बाजारात आले. मात्र मांडणी सोपी झाली तशी ती आधीच गोठविण्याची सवयही लागली. व्हिज्युअल बेसिकमध्ये नवा घटक हवा असल्यास त्याच्या प्रकाराचा निदान एक घटक क्रमांकासह आधी मांडून ठेवावा लागे. मग त्याच्या प्रती काढता येत. नवी प्रत प्रथम अदृश्य असे व तिला मुद्दाम दृश्य करावे लागे. सर्व प्रतींच्या घटना एकाच उपकार्यक्रमाकडे येत आणि कोणती प्रत दाबली गेली हे क्रमांकावरून कळे. बीजाशिवाय घटक निर्माण करण्याची मुभा १९९८ च्या सहाव्या आवृत्तीत मिळाली.

अँडर्स हाइल्सबर्ग यांच्या नेतृत्वाखाली बोर्लंड कंपनीने १९९५ मध्ये आणलेल्या ‘डेल्फी’ या साधनाने घटकाचा ‘मालक’ व ‘जनक’ यांत स्पष्ट भेद केला. मालक घटकाला शेवटी स्मृतीतून मुक्त करतो. जनक त्याला पडद्यावर जागा देतो. मालक दिला पण जनक द्यायचा राहिला, तर घटक स्मृतीत असूनही दिसत नाही, ही नवशिक्यांची नेहमीची चूक असे. घटक दिसू लागला तरी त्याच्या घटनेशी उपकार्यक्रम जोडल्याखेरीज तो निर्जीवच राहतो. जन्म, जागा, घटनांची जोडणी आणि विसर्जन या चार पायऱ्या तेव्हापासून सर्वत्र मान्य झाल्या आहेत.

घटकांची संख्या आधी माहीत नसेल, तर त्यांची जागाही मोजून ठेवता येत नाही. बर्कली येथे जॉन औस्टरहाउट यांनी तयार केलेला ‘टीके’ हा साधनसंच आणि १९९६ मध्ये प्रसृत झालेली जावा भाषा यांत घटकांची जागा अंकांनी न सांगता मांडणीचे नियम सांगण्याची सोय होती. भाषा बदलली की शब्दांची लांबी बदलते आणि देवनागरीत वरच्या-खालच्या मात्रांमुळे उंचीही जास्त लागते. विंडोज २००० पासून त्या प्रणालीत मराठीची सोय झाली. इंग्रजी शब्दांच्या मापाने कापलेल्या बटणांत मराठी शब्द मावेनासे झाले, तेव्हा अशा नियमांचे महत्त्व अधिक स्पष्ट होते.

मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेट या २००२ मधील संचात प्रत्येक जनक घटक आपल्या अपत्यांचा संग्रह बाळगतो. त्यात घालणे म्हणजे दाखविणे व त्यातून काढणे म्हणजे लपविणे. परंतु केवळ काढल्याने घटकाने अडविलेली साधनसंपत्ती परत मिळत नाही. त्यासाठी त्याचे विसर्जन स्पष्टपणे करावे लागते. तसे न केल्यास दीर्घकाळ चालणारा कार्यक्रम हळूहळू मंदावतो. २००६ मधील डब्ल्यूपीएफ या पद्धतीत कार्यक्रमकार घटक स्वतः निर्माण करण्याऐवजी एका नोंदीचे रूप कसे असावे याचे वर्णन करतो; यादीत नोंद वाढली की प्रणालीच तिच्यासाठी घटक तयार करते. अशा रीतीने १९७९ च्या सूत्राला व्यवहारात व्यापक रूप मिळाले.

पडदा बदलता येतो म्हणून तो सतत बदलावा, असे मात्र नाही. १९९९ मध्ये आलेल्या ऑफिस २००० मध्ये क्वचित वापरल्या जाणाऱ्या आज्ञा मेनूतून आपोआप लपविल्या जात. वापरणाऱ्याचा हात ज्या जागेला सरावलेला असे तेथे दुसरीच आज्ञा येई. २००७ च्या आवृत्तीत प्रमुख कार्यक्रमांतील मेनूंची जागा नव्या पट्टीने घेतली. दृष्टिहीनांच्या बाबतीत प्रश्न अधिक गंभीर आहे. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या साधनाला नवा घटक आल्याची सूचना मिळाली नाही, तर त्यांच्या दृष्टीने तो अस्तित्वातच येत नाही. यासाठी मायक्रोसॉफ्टने १९९७ मध्ये अशा सूचनांची स्वतंत्र व्यवस्था उपलब्ध करून दिली. नवे बटण नावाविना निर्माण केल्यास वाचकसाधन केवळ ‘बटण’ असे म्हणते व ते कशासाठी आहे हे ऐकणाऱ्यास कळत नाही. म्हणून घटकाला नाव देणे, कळफलकाने त्यापर्यंत पोहोचण्याचा क्रम ठरविणे आणि तो काढताना चालू लक्ष्य योग्य जागी नेणे, या गोष्टी निर्मितीइतक्याच आवश्यक ठरतात. सहाव्या व्यक्तीसाठी ओळ निर्माण होणे पुरेसे नाही. ती ओळ प्रत्येकाला सापडली, तरच तिचे नाव नोंदले जाते.