पोलादी सांगाडा, दगडी मुखवटा

तिरोड्याच्या ३३०० मेगावॅट औष्णिक वीजकेंद्रासारख्या ठिकाणी बॉयलर जमिनीवर ठेवलेला नसतो. तो उंच पोलादी सांगाड्याला वरून टांगलेला असतो, म्हणजे तापल्यावर त्याला खाली प्रसरण पावता येते. सगळा भार सांगाड्यावर. बाहेरचे पत्रे केवळ आडोसा. आपल्याकडच्या लाकडी खांबांच्या जुन्या घरांतही हेच तत्त्व आहे. भिंत खचली तरी छप्पर उभे राहते.

भिंतीवर भार टाकला की काय होते, ते शिकागोच्या मोनॅडनॉक बिल्डिंगमध्ये (१८९१) दिसते. विटांच्या या सोळा मजल्यांसाठी तळाच्या भिंती सुमारे १.८ मीटर जाड कराव्या लागल्या. त्याच शहरात विल्यम ले बॅरन जेनी यांनी १८८५ मध्येच होम इन्शुरन्स बिल्डिंगच्या दहा मजल्यांचा भार मुख्यतः लोखंडी सांगाड्यावर सोपवला होता. वरच्या मजल्यांच्या तुळया पोलादाच्या होत्या. पाठ्यपुस्तके हिलाच पहिली गगनचुंबी इमारत म्हणतात.

पण तिचे छायाचित्र पाहिले तर सांगाडा शोधूनही सापडत नाही! खाली खडबडीत ग्रॅनाइट, वर वीटकाम, मध्ये मध्ये आडवे कंगोरे. जणू लहान लहान इमारती एकीवर एक रचल्या आहेत. रचना नवी, शैली मात्र जुन्या दगडी वाड्याची. सांगाड्याला शोभणारा चेहरा, म्हणजे रुंद काचा आणि मध्ये अगदी अरुंद पट्ट्या, शिकागोत रिलायन्स बिल्डिंगने १८९५ मध्ये दाखवला.

मुंबईच्या काळा घोडा भागात हे धाडस त्याआधीच झाले होते. रोलंड मेसन ऑर्डिश यांनी आराखडा केलेल्या वॉटसन हॉटेलचा सांगाडा १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये तयार झाला, जहाजाने आला आणि इथे जोडला गेला. बिडाचे खांब, घडीव लोखंडाच्या तुळया, मधल्या चौकटींत विटा. सांगाडा आणि सज्जे हाच तिचा चेहरा. मजले पाचच असल्यामुळे तिला गगनचुंबी म्हणता येत नाही, पण शैलीच्या बाबतीत आम्हाला ती जेनींच्या इमारतीपेक्षा प्रामाणिक वाटते.

७ जुलै १८९६ रोजी भारतातला पहिला चित्रपट-खेळ इथेच झाला, म्हणून तिचे नाव पुस्तकांत येते. सांगाड्याचा उल्लेख क्वचितच. पुढे ती एस्प्लनेड मॅन्शन झाली, खोल्यांचे तुकडे पडले, डागडुजी राहिली. २००५ मध्ये सज्जाचा भाग कोसळला. त्याच वर्षी जाहीर झालेल्या जगातील १०० संकटग्रस्त वास्तूंच्या यादीत तिचे नाव होते. २०१९ मध्ये ती रिकामी करण्यात आली. होम इन्शुरन्स बिल्डिंग तर १९३१ मध्येच पाडली गेली, आणि तिच्या भिंतींनी किती भार पेलला होता हा वाद तेव्हा तिचे खांब उघडे करूनच तपासावा लागला.